नाममुद्रा आणि सोंग : नाथांच्या भारुडांच्या निमित्ताने

मध्ययुगीन मराठी कवितेच्या अभ्यासकापुढे ‘ही रचना कोणाची?’ हा प्रश्न पहिल्या पानापासून उभा राहतो. त्याचे उत्तर बहुधा अखेरच्या चरणात शोधले जाते. ‘तुका म्हणे’ आढळले की रचना तुकोबांची, ‘नामा म्हणे’ आढळले की नामदेवांची, ‘एका जनार्दनी’ आढळले की नाथांची, असा सरळ व्यवहार वर्गात आणि पुष्कळदा संपादनातही चालतो. ही नाममुद्रा इतकी परिचित आहे की तिची घडण कशी आहे, ती कोण देतो, ती एकाच व्यक्तीची कशी राहते आणि कोठे राहत नाही, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. कवी जेव्हा स्वतःच्या आवाजात बोलत नाही, वासुदेवाचे, जोश्याचे, महाराचे किंवा मुरळीचे सोंग घेऊन बोलतो, तेव्हा तर प्रश्न अधिकच अवघड होतो. बोलणारा एक आणि मुद्रा दुसऱ्याची, अशी ही रचना. प्रस्तुत लेखात नाममुद्रेचा विचार ओळखखूण म्हणून करावयाचा आहे, आणि त्यातही ती सोंगाच्या शेजारी आली असता काय घडते, हे पाहावयाचे आहे.

मुद्रा म्हणजे शिक्का

‘मुद्रा’ हा शब्द प्रथम दफ्तराचा आहे, साहित्यशास्त्राचा नंतरचा. जुन्या मराठी पत्रांच्या मथळ्याशी मुख्य शिक्का आणि अखेरीस लहान मोर्तब उमटविले जाई. शिवकालीन पत्रांच्या शेवटी आढळणारी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा आपले काम स्वतःच सांगते : पत्राची मर्यादा येथे झाली, यापुढे कोणी काही लिहिले तर ते पत्रातले नव्हे. अभंगाच्या शेवटच्या चरणातील नाममुद्रा हेच काम करते. तिच्यानंतर नवा चरण जोडता येत नाही. जोडला तर ऐकणाऱ्याच्या तो लगेच ध्यानात येतो.

मात्र मोर्तब पत्राची शेवटची कड राखते, मधल्या मजकुराची राखण करीत नाही. अभंगाच्या पोटात दोन चरण कोणी घुसविले, एखादे कडवे गाळले, तर नाममुद्रा त्याविषयी गप्प राहते. हस्तलिखितांत एकाच अभंगाचे तीन-चार पाठ आढळतात, चरणांची संख्या कमीजास्त होते आणि शेवट मात्र सर्वत्र सारखाच असतो, याचे कारण येथे आहे. मौखिक परंपरेत सर्वांत टिकाऊ भाग हा मुद्रेचा असतो. त्यामुळेच तो सर्वांत जपून हाताळावयाचा भाग ठरतो.

अक्षरांचा हिशेब

संतांच्या मुद्रांतील नावे बहुधा घरगुती, आखूड आहेत. नामदेवाचा नामा, एकनाथाचा एका; तुका, चोखा, निळा हीही त्याच वळणाची. या आखूडपणात नम्रता आहे, हे खरेच. पण छंदाची सोयही आहे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘दासी जनी’ या चार अक्षरी मुद्रा आहेत; सहा अक्षरांच्या चरणात त्या बसल्या की कवीच्या हाती दोन अक्षरे उरतात. याउलट ‘ज्ञानदेव म्हणे’, ‘विष्णुदास नामा’, ‘नामयाची जनी’, ‘एका जनार्दनी’, या प्रत्येकीत मोजून सहा अक्षरे आहेत. चरण पूर्ण भरला; ना कमी, ना जास्त.

हा हिशेब क्षुल्लक वाटेल, पण त्यावरून एक गोष्ट कळते. मुद्रा ही आधीच तयार असलेली, चरणाच्या मापाने कापलेली वस्तू आहे. कवी प्रत्येक अभंगात ती नव्याने घडवीत नाही, जागेवर ठेवतो. ‘बापरखुमादेवीवर’ ही ज्ञानदेवांची दुसरी मुद्रा या मापात बसत नाही. ती विराण्या-गौळणींसारख्या मोकळ्या चालीच्या पदांत अधिक रमते. शिवाय तिच्यात कवीचे नाव नाहीच. नाव आहे ते देवाचे, आणि विठ्ठल-रुक्मिणी ही ज्ञानदेवांच्या आईवडिलांचीही नावे असल्याने ‘बाप’ या शब्दाला तेथे दुहेरी वजन आले आहे. एकाच कवीच्या दोन मुद्रा, एक स्वतःच्या नावाची आणि एक देवाच्या नावाची. हे दुहेरीपण पुढे वादाला कारण झाले.

देवाचे नाव मुद्रा म्हणून वापरण्याची रीत मराठीच्या शेजारी, कन्नडमध्ये, पक्की रुजलेली होती. तेथे तिला ‘अंकित’ म्हणतात. बसवेश्वरांचे वचन कूडलसंगमदेवाच्या नावाने संपते, अक्कमहादेवीचे चन्नमल्लिकार्जुनाच्या, अल्लमप्रभूंचे गुहेश्वराच्या. पुढे हरिदासांच्या परंपरेत या अंकिताला रीतसर घाट आला. पुरंदरविठ्ठल, विजयविठ्ठल, गोपालविठ्ठल, जगन्नाथविठ्ठल या मुद्रांचा उत्तरार्ध सर्वांना समान आहे. तो पंथाचे नाते सांगतो. पूर्वार्ध मात्र एकेकाचा वेगळा आहे. तो व्यक्ती सांगतो. आणि हे अंकित शिष्याने आपल्या मनाने घ्यावयाचे नसते, गुरूने द्यावयाचे असते. समूहातील प्रत्येकास स्वतंत्र पण समूहाशी जोडलेले चिन्ह देण्याची याहून नेटकी पद्धत शोधूनही सापडणे कठीण.

‘एका जनार्दनी’ या मुद्रेची घडण याच जातीची आहे. देवगिरीच्या किल्ल्यावरील अधिकारी आणि नाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचे नाव तिच्या उत्तरार्धात आहे, शिष्याचे पूर्वार्धात. ही केवळ एकनाथांची वैयक्तिक लकब नव्हती. जनार्दनस्वामींचे दुसरे शिष्य रामा जनार्दन आणि जनी जनार्दन यांच्या मुद्राही याच साच्यातल्या आहेत. ज्ञानेश्वरांची घरोघरी म्हटली जाणारी आरती ‘रामा जनार्दनी’ या मुद्रेची आहे, हे म्हणणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच लक्षात येते. पुष्कळ जण सवयीने ती नाथांची समजतात. समान उत्तरार्धाची हीच किंमत असते. कान ‘जनार्दनी’पाशी विसावतो आणि आधीच्या दोन अक्षरांकडे दुर्लक्ष होते.

‘एका’ या शब्दाची आणखी एक गंमत आहे. ते नाव आहे, आणि ‘एक’ या संख्येचे सामान्यरूपही आहे. ‘एका जनार्दनी’ म्हणजे जनार्दनाच्या ठायी असलेला एका, किंवा एकाच जनार्दनात. नाव सांगता सांगता ते पुसून टाकणारी ही मुद्रा आहे.

अनन्यता कोठे ढळते

एक नाव, एक व्यक्ती हा ओळखखुणेचा पहिला नियम. मराठी संतकवितेत तो कितपत पाळला गेला, याचे उत्तर फारसे समाधानकारक नाही. नामदेवांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांतील संत नामदेव (१२७०–१३५०) आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, ओवीबद्ध महाभारत रचणारा विष्णुदास नामा यांच्यात सुमारे अडीच-तीनशे वर्षांचे अंतर. ‘विष्णुदास’ हे विशेषण कोणाही वैष्णवाला लावता येण्याजोगे. ‘विष्णुदास नामा’ ही सहा अक्षरी मुद्रा अभंगाच्या चरणात नेमकी बसणारी. परिणाम असा की छापील गाथांत दोघांची रचना एकमेकींत मिसळली. त्यात नामा पाठकासारख्या आणखी नामनामकांची भर पडली. महाराष्ट्र शासनाने १९७० साली प्रसिद्ध केलेली नामदेव गाथा वापरताना प्रत्येक अभंगापाशी थांबून विचार करावा लागतो तो यामुळे.

ज्ञानदेवांच्या बाबतीत वाद उलट्या दिशेने गेला. १८९८–९९ मध्ये शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या टोपणनावाने ‘सुधारक’ पत्रातून लेखमाला लिहून ज्ञानेश्वरीकार ज्ञानदेव आणि अभंगकार ज्ञानदेव या दोन भिन्न व्यक्ती असल्याचा पक्ष मांडला. नामदेवांच्या बाबतीत दोघांचा एक झाला होता. येथे एकाचे दोन करण्याचा प्रयत्न झाला. भारद्यांचा निष्कर्ष पुढे स्वीकारला गेला नाही. तरीही त्यांच्या प्रश्नामागची शंका चुकीची नव्हती : मुद्रा सारखी आहे एवढ्यावरून कर्ता एक आहे असे सिद्ध होत नाही. एका व्यक्तीची ओळख मोडून काढण्यासाठी लिहिणाऱ्याने स्वतःची ओळख मात्र एका ऋषीच्या नावामागे ठेवली होती, हाही योगायोग मोठा मौजेचा.

नामसाम्याची अडचण जेथे आधीच ओळखली गेली, तेथे काय केले गेले, हे पाहण्यासाठी पंजाबकडे जावे लागते. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात रचना असलेले सर्व शीख गुरू ‘नानक’ याच नावाने मुद्रा घालतात. कारण त्यांच्या श्रद्धेनुसार ज्योत एकच. पण संपादकाला तर कोणती रचना कोणाची हे ठेवावयाचे होते. म्हणून प्रत्येक रचनेच्या माथ्यावर ‘महला’ हा शब्द आणि अंक घातला गेला : महला १ म्हणजे गुरू नानक, महला ३ म्हणजे गुरू अमरदास, महला ५ म्हणजे स्वतः अर्जनदेव, पुढे समाविष्ट झालेल्या गुरू तेगबहादुरांच्या रचनेवर महला ९. मुद्रेत ऐक्य आणि माथ्यावर अंक. त्याच ग्रंथात नामदेवांची ६१ पदे सुरक्षित राहिली. महाराष्ट्रात असा अंक कोणी घातला नाही. येथे ग्रंथ एका हाती सिद्ध झालाच नाही. दिंड्या, फड, कीर्तनकारांच्या वह्या, मठांतील बाडे अशा शेकडो हातांनी तो वाहत राहिला. नामा पहिला आणि नामा दुसरा अशी नोंद ठेवणारा कारकून वारीला नव्हता.

तरी व्यवहारात लोकांनी आपल्यापुरते उपाय काढले. तुकोबांचे धाकटे बंधू कान्होबा ‘तुकयाबंधू’ अशी मुद्रा घालीत. नाते हाच वेगळेपणा. होनाजी शिलारखाने आणि बाळा करंजकर यांनी ‘होनाजी बाळा’ अशी जोडमुद्रा घातली, आणि आज निम्मे वाचक त्यांना एकच शाहीर समजतात. नाथांचे दौहित्र मुक्तेश्वर यांनी आपल्या दत्तोपासनेतून ‘लीलाविश्वंभर’ ही मुद्रा घेतली.

छत्रपती संभाजीनगर शहरापुरते पाहिले तर आणखी एक मासला हाती येतो. अठराव्या शतकात या शहरात अमृतराय (१६९८–१७५३) आपले कटाव रचीत होते. त्याच शहरात त्याच काळी सय्यद सिराजुद्दीन (१७१५–१७६३) फारसी-दखनी गझलेच्या मक्त्यात, म्हणजे अखेरच्या शेरात, ‘सिराज’ हे तखल्लुस गुंफीत होते. अभंगाचा शेवटचा चरण आणि गझलेचा मक्ता, दोन्ही ठिकाणी नावाची जागा एकच. या दोन परंपरा एकमेकींपासून शिकल्या असे म्हणण्याचे धाडस करू नये, पण त्या एकाच पेठेत नांदत होत्या हे विसरूही नये. सिराज स्वतः मक्त्यात ‘सिराज’ एवढेच म्हणतात. ‘औरंगाबादी’ हे गावाचे नाव इतर सिराजांपासून त्यांना वेगळे काढण्यासाठी मागाहून जोडले जाते. मलिक अंबरने वसविलेल्या खडकीचे औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. ग्रंथालयाच्या सूचीत सिराज मात्र ‘औरंगाबादी’च राहतील, कारण ओळखखुणेत एकदा शिरलेले गावाचे नाव गावापेक्षा अधिक काळ टिकते.

सोंग आणि सही

आता मूळ मुद्द्याकडे. नाथांची भारुडे सुमारे ३०० मानली जातात. त्यांतील बोलणाऱ्यांची यादी केली तर सोळाव्या शतकातील पैठणची अर्धी बाजारपेठ आणि अख्खे गावकूस समोर उभे राहते : जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या, वाघ्या, मुरळी, बाळसंतोष, फकीर, महार, कोल्हाटीण, आंधळा, बहिरा, पांगळा. ब्राह्मण घरात जन्मलेला, संस्कृतज्ञ, भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका काशीत १५७३ मध्ये पूर्ण करणारा, १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करणारा हा ग्रंथकार या सर्वांच्या तोंडून बोलतो. त्यांची बोली घेतो, त्यांची वाद्ये घेतो, त्यांच्या तक्रारी आणि शिव्याही घेतो. आणि प्रत्येक सोंगाच्या शेवटी तीच सहा अक्षरे येतात.

ही सहा अक्षरे भारुडात जे करतात ते साध्या अभंगात करीत नाहीत. अभंगात मुद्रा बोलणाऱ्याचे नाव पक्के करते. आतापर्यंत जो बोलत होता तोच हा. भारुडात ती बोलणाऱ्याला बाजूला सारते. मुरळी बोलत होती, आणि अचानक कळते की बोलणारा एका आहे, तोही जनार्दनाच्या ठायी. लौकिक अर्थाकडून पारमार्थिक अर्थाकडे भारूड वळते ते बहुधा याच जागी. भारुडाच्या रूपकाची उकल करणाऱ्या विवेचनांत ‘विंचू म्हणजे काम-क्रोध’ अशा समीकरणांना फार महत्त्व दिले जाते. समीकरणे श्रोत्याला आधीच ठाऊक असतात. श्रोता खरोखर वाट पाहतो ती सोंग उतरण्याच्या क्षणाची, आणि तो क्षण मुद्रेने येतो. या दृष्टीने मुद्रा हा भारुडाच्या नाट्याचाच भाग मानावयास हवा. संपादकाच्या सोयीसाठी शेवटी चिकटविलेली चिठ्ठी म्हणून तिच्याकडे पाहणे पुरेसे नाही.

सादरीकरणाकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. सिल्लोड तालुक्यातील भारूडकार निरंजन भाकरे (निधन २०२१) यांनी ‘बुरगुंडा’ महाराष्ट्रभर नेला. भारूडकार दोन कडव्यांच्या मध्ये आपल्या पदरचे संवाद घालतो, गावातल्या घटना, व्यसनाचे, हुंड्याचे विषय आणतो, समोरच्या श्रोत्याची थट्टा करतो. ही भर कधी मूळ रचनेहून लांब होते. ती कोणाला खटकत नाही, कारण शेवटी मुद्रा येते आणि सर्व पसारा नाथांच्या पदरात पडतो. मोर्तब मधल्या मजकुराची राखण करीत नाही, असे वर म्हटले आहे. भारुडात तो दोष न राहता मुभा होते.

आज संगणकाच्या जाळ्यावर निरनिराळ्या भूमिका धारण करून खेळणाऱ्यांचे समूह असतात. तेथे एक सभासद योद्धा होतो, जादूगार होतो, हवे तेव्हा पात्र बदलतो. पण नोंदवहीत त्याचा सभासद-संकेत एकच राहतो आणि तो दुसऱ्या कोणाला मिळत नाही. भूमिका बदलती, संकेत स्थिर, हे तत्त्व भारुडाचेच आहे. भेद दोन ठिकाणी आहे. तेथे संकेत सोंगाच्या मागे लपलेला असतो; भारुडात तो भर सभेत गाऊन सांगितला जातो. आणि तेथे अनन्यता यंत्र राखते. ‘एका जनार्दनी’ ही सहा अक्षरे कोणालाही उचलता येण्याजोगी होती, आणि उचलली गेली. नाथांच्या नावावर छापलेल्या प्रत्येक भारुडाची भाषा नाथकालीन नाही. मुद्रा खोटी घालण्यामागे नेहमीच लबाडी असते असे नव्हे. तुकोबांना आपल्या अभंगांवर स्वतःचे नाव घालणाऱ्या सालोमालोचा त्रास झाला, असे परंपरा सांगते. नाथांच्या बाबतीत उलट घडले, लोकांनी आपली रचना त्यांच्या नावावर घातली. पहिली चोरी आहे. दुसरीला काय म्हणावे, यासाठी मराठीत नेमका शब्द नाही.

नाथांच्या भारुडांत दफ्तरी कागदांचा एक वेगळा गट आहे : अर्जदस्त, अभयपत्र, ताकीदपत्र, जाबचिठ्ठी. त्यांत शरीर हा परगणा होतो, जीव तेथला अधिकारी, बुद्धी कारकून. भाषा फारसी वळणाची, कचेरीत चालणारी. देवगिरीवर गुरूच्या कचेरीत हिशेब लिहिण्यात नाथांचे तारुण्य गेले आणि एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागविली, ही कथा परंपरेची आहे. कथा बाजूला ठेवली तरी या रचना लिहिणाऱ्याला कचेरीतला कागद आतून ठाऊक होता, याविषयी शंका राहत नाही. अशा कागदाच्या शेवटी जेथे शिक्का यावयाचा तेथे नाममुद्रा येते, आणि ‘मुद्रा’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांवर बरोबर बसतात. अर्ज करणारा जीव, अर्ज ऐकणारा देव आणि कागदावर शिक्का गुरूच्या नावाचा. नाथ येथे लेखनिक आहेत. अधिकार जनार्दनाचा आहे.

बहेणीची तेरा रूपे

सोंगाचा निराळाच प्रकार याच जिल्ह्यातील बहिणाबाईंच्या (१६२८–१७००) अभंगांत आहे. वेरूळजवळच्या देवगावात त्यांचा जन्म झाला, समाधी वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे. तुकोबांचे शिष्यत्व त्यांनी स्वप्नात घेतले. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत त्यांनी मुलाला आपले मागील बारा जन्म सांगितले आहेत. चालू जन्म तेरावा. प्रत्येक जन्म वेगळा, घर वेगळे, नाती वेगळी. आणि सांगणारीची मुद्रा मात्र या जन्मातल्या नावाची. नाथांनी एका जन्मात अनेक सोंगे घेतली. बहिणाबाई अनेक जन्मांकडे सोंगांसारखे पाहू शकतात, कारण पाहणारीचे नाव हलत नाही. आधुनिक काळात खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) प्रसिद्ध झाल्यावर या संत बहिणाबाईंना ‘शिऊरकर’ म्हणावे लागले. सिराजांचे जे झाले तेच.

ज्यांना सोंग घ्यावे लागले नाही

येथवरच्या विवेचनात मुद्रा ही निवडलेली किंवा गुरूने प्रेमाने दिलेली गोष्ट म्हणून पाहिली. सर्वांच्या बाबतीत ते खरे नाही. नामदेवांच्या घरातील माणसांच्या नावावर अभंग आहेत : गोणाई, राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा. त्याच घरात जनाबाई आहे, आणि तिची मुद्रा ‘दासी जनी’ किंवा ‘नामयाची दासी’ अशी आहे. घरातील इतरांची नावे नात्याने ओळखली जातात. तिचे काम तिच्या नावात शिरले आहे. ‘दासी’ हा शब्द भक्तीच्या परिभाषेत गौरवाचा आहे, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. नामदेवही स्वतःला देवाचा दास म्हणतात. जनाबाई नामदेवांची दासी आहे.

चोखोबांच्या घरात हे अधिक टोकदार होते. चोखामेळा (निधन १३३८), त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा, या पाचही जणांची अभंगरचना उपलब्ध आहे. निर्मळा आणि बंका आपल्या नावाने मुद्रा घालतात. सोयराबाईंची प्रसिद्ध मुद्रा ‘चोखियाची महारी’ अशी आहे. तिच्यात स्वतःचे नाव नाही. नवऱ्याचे नाव आहे आणि जात आहे. ओळखखूण म्हणून ती कमालीची नेमकी आहे. संतमेळ्यात चोख्याची महारी एकच होती. नामांच्या गर्दीसारखा घोटाळा येथे होणे शक्य नव्हते. अनन्यतेची कसोटी या मुद्रेइतकी थोड्या मुद्रा पार करतात, आणि नेमक्या तिच्यातच व्यक्तीला नाव उरलेले नाही. गावाने जी ओळख तिच्यावर लादली होती तीच तिने विठ्ठलापुढे सही म्हणून ठेवली. हे स्वीकारणे आहे की त्या शब्दाला देवाच्या दारात साक्षीसाठी उभे करणे आहे? तिच्या अभंगांतील विटाळाविषयीचे परखड प्रश्न लक्षात घेता दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो. मुद्रा तेथे अभंगातील प्रश्नाचा पुरावा होते : विटाळ कोणाला म्हणता, ते या नावाकडे पाहून सांगा.

या पार्श्वभूमीवर ‘जोहार’ हा रचनाप्रकार पुन्हा वाचावयास हवा. जोहार हे महाराने गावाच्या अधिकाऱ्याला करावयाचे अभिवादन. चोखोबांचे जोहार आहेत आणि नाथांचेही आहेत. दोन्हीकडे बोलणारा महार आहे, तो वतनाची कामे सांगतो, मालकाला जोहार करतो, आणि मालक म्हणजे देव. पदव्युत्तर वर्गात करून पाहण्याजोगा एक साधा प्रयोग असा : दोघांचे प्रत्येकी दोन-तीन जोहार घ्यावेत, अखेरचा चरण झाकावा आणि कोणता कोणाचा ते विद्यार्थ्यांना विचारावे. शब्दकळेवरून काही अंदाज बांधता येतात. नाथांच्या जोहारात कचेरीची भाषा अधिक, रूपक अधिक बांधेसूद. पण खात्री देता येत नाही. मग शेवटचा चरण उघडावा.

‘चोखा म्हणे’ आले की वरचे सर्व शब्द पुन्हा वाचावे लागतात, आणि ते आत्मकथन होतात. जो जोहार करीत होता त्याला तो रोज खरोखरच करावा लागत होता, आणि मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर त्याचा जीव गेला. ‘एका जनार्दनी’ आले की तेच शब्द सोंग ठरतात. हा माणूस ते उतरवून गोदाकाठच्या आपल्या वाड्यात परत जाऊ शकत होता. म्हणून नाथांचा जोहार खोटा ठरत नाही. सोळाव्या शतकातील पैठणात ब्राह्मणाने महाराच्या तोंडून, महार म्हणून देवाशी बोलणे ही फुकटची गोष्ट नव्हती. नाथांच्या आचरणामुळे पैठणच्या ब्रह्मवृंदाशी झालेला विरोध परंपरेने आवर्जून जपला आहे. पण दोन जोहारांचे मोल एकाच मापाने करता येत नाही, आणि ते माप बदलावयास लावणारी खूण सबंध रचनेत केवळ शेवटच्या चार किंवा सहा अक्षरांत आहे. भारुडांच्या कित्येक लोकप्रिय संग्रहांत दोघांचे जोहार एकाच शीर्षकाखाली सलग छापलेले असतात आणि गाणारा वेळेअभावी शेवटचे कडवे गाळतो. तेव्हा श्रोत्याला कोणाचा जोहार ऐकू येतो, याचा विचार भारूड-संग्रहाच्या पुढील संपादकाने शीर्षके ठरविण्यापूर्वी करावयास हवा.